चौक झाकून तीन मजले चढवावेत का? दाटीवाटीचा तब्येतीवर खरंच परिणाम होतो?

गल्लीकर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथं निरनिराळ्या धंद्यातली माणसं आहेत म्हणून टाकतोय.

आमचं घर बेळगावात, गणपत गल्लीपासून हाकेच्या अंतरावरच्या एका बोळवजा गल्लीत. रुंदी 14 फूट, लांबी 92. पुढं सोपा, मग माजघर, मग चौक, चौकात आड, त्यामागं स्वयंपाकघर. शेवटी परसू होतं, ते काकांनी खोली काढून केव्हाच संपवलं. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. त्यामुळं उजेड-वारा यायला दोनच वाटा, पुढचा दरवाजा आणि चौक.

सध्या घरात नऊ माणसं. वाटण्यांचं बोलणं चाललंय. धाकट्या भावाचं म्हणणं, आड बुजवू, चौकावर स्लॅब टाकू, 92 च्या 92 फूट बांधू, तीन मजले, तीन बिऱ्हाडं. चुलतभावाला वर आणखी दोन खोल्या भाड्यानं द्यायच्यात. शहरात साइटचे भाव बघता त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही. आई मात्र अडून बसलीय. चौक राहू दे म्हणते. का, विचारलं तर एवढंच, "जीव कोंडतोय रे."

म्हणून जरा आकडे काढून बसलो. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला 356, राज्याची 319. 2001 मध्ये जिल्हा 314 वर होता. महापालिका हद्दीत 4.88 लाख माणसं साधारण 94 चौरस किलोमीटरमध्ये, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. मग आमच्याच गल्लीचा हिशेब केला. 41 दारं, मोजून 230 माणसं. दोन्ही बाजूंची घरं आणि मधला पंधरा फुटी रस्ता धरला तर जागा साडेअठ्ठावन्न हजार चौरस फूट. चौरस किलोमीटरचा दर लावल्यावर आकडा आला बेचाळीस हजार! दोनदा तपासला.

तर प्रश्न असा, एवढ्या दाटीचा तब्येतीवर, झोपेवर, पोरांवर खरंच परिणाम होतो का, की ही फक्त आईची चौकावरची माया?

डोंबिवलीकर (मूळ टिळकवाडी)
बेचाळीस हजार ऐकून हसू आलं. मुंबई उपनगर जिल्हा अख्खाच्या अख्खा वीस हजारांवर आहे, त्यात डोंगर आणि जंगलही धरलेलं. आमच्या चाळीत दहा बाय बारात सात जण वाढलो. कुणाला काही झालं नाही. बांधा बिनधास्त.

नर्सताई
@डोंबिवलीकर, "कुणाला काही झालं नाही" असं जे उरतात तेच म्हणतात, भाऊ. राग मानू नका.

मी पंचवीस वर्षं वॉर्डात घरोघरी फिरले. गल्लीकर, तुमचा बेचाळीस हजारांचा आकडा मजेशीर आहे, पण मला तो फारसा उपयोगाचा नाही. मी घरात शिरले की आधी बघायची, एका खोलीत रात्री किती माणसं निजतात. संयुक्त राष्ट्रांचा एक साधा निकष आहे, राहण्याच्या एका खोलीमागं तीनपेक्षा जास्त माणसं झाली की ती गर्दी. आपल्या देशात 2011 मध्ये सुमारे 37 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. आता तुम्हीच जोडा.

एक घर सांगते. विणकरांची वस्ती, पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागं एक खोली, तीत सहा माणसं. वाऱ्यानं दोरा तुटतो म्हणून, आणि आवाजाला शेजारी ओरडतात म्हणून, खिडकीला कायमचा पत्रा ठोकलेला. थोरल्या मुलाला खोकला, दोन महिने कफ सिरप चाललेलं. थुंकी तपासली, टीबी. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी केली तर पाठची बहीण आणि आजी. तिघांच्याही उशा एका ओळीत. त्याच गल्लीत समोर सात माणसांचं घर होतं, पण त्यांचा चौक उघडा आणि माळ्याला झरोका. त्यांच्याकडं पण एकाला टीबी होऊन गेला होता, पसरला मात्र नाही. एका उदाहरणावरून सिद्ध काही होत नाही, हे मला कळतं. पण टीबी हवेतून जातो, हवा बदलली की जंतू पातळ होतात, ऊन पडलं की मरतात, हे तर पुस्तकातलंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये घर आणि आरोग्यावर मार्गदर्शिका काढली, त्यात घरातली गर्दी कमी करा हे ठासून सांगितलंय, आणि पहिलं कारण टीबीचंच.

खरूज, घशाचा संसर्ग आणि त्यामागून पोरांना होणारा संधिवाती ताप (त्यानं पुढं हृदयाच्या झडपा खराब होतात), ही सगळी अंथरुणाला अंथरूण लागणारी दुखणी. पावसाळ्यात आपल्याकडं चार महिने भिंती ओल्या, त्यात कोंदट घर. दम्याची पोरं जुलैत कशी होतात ते विचारू नका.

(जाता जाता, कुणाच्या घरी उपचार चालू असतील तर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1,000 रुपये मिळतात. आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. कितीतरी लोक खातं जोडत नाहीत.)

शहापूरवाली
नर्सताई, आमच्याच गल्लीतलं सांगूलाला की काय तुम्ही! आमच्यात बी माग हाय. लग्न होऊन आले तवा पहिली आठ दिवस झोपच न्हाई. आता माग बंद पडला की जाग येते.

मला गर्दीचं न्हाई, पाण्याचं बोलायचं हाय. आमच्याकडं चार दिवसांनी नळ येतोय. घरात माणसं आठ. मग काय, तीन बॅरल, सिंटेक्स, घागरी, बादल्या, कुकरबी भरून ठेवतो आम्ही. गेल्या पावसाळ्यात गल्लीत अकरा जणांना डेंगी झाला. तपासायला आलेल्या पोरीनं बॅटरी मारून दाखवलं, आमच्याच बॅरलात अळ्या वळवळूलालत्या. लाज वाटली बघा. पण ती म्हणाली, हा डास गटारात न्हाई, स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच होतो, अन् दिवसा चावतो. आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून घासा म्हणाली. चार दिवसांनी येणारं पाणी कोण ओतून देईल सांगा की!

गल्लीकर
@शहापूरवाली, आमच्याकडं पण तेच. आईनं बॅरलवर जुनं धोतर बांधलंय, वर रबर. हाच एक उपाय चाललाय.

जलकामवाला
पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी इथं काही भागांत 24 तास पाण्याची योजना आधी नमुना म्हणून झाली. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी 24 तास पाणी येणारी घरं आणि काही दिवसांआड येणारी घरं यांची तुलना केली, ती 2015 मध्ये छापून आली. सतत येणाऱ्या नळाचं पाणी बरंच स्वच्छ निघालं. लहान मुलांच्या साध्या जुलाबात एकूण फारसा फरक दिसला नाही, तिथं मी स्वतः चकित झालो. पण गरीब घरांत रक्ती हगवण बरीच कमी, आणि विषमज्वर झाल्याचं सांगणारी घरंही कमी. नळात दाब नसला की शेजारच्या गटाराचं पाणी फटीतून आत ओढलं जातं, हे कुठल्याही प्लंबरला विचारा. आणि जुन्या गल्ल्यांत नळ आणि गटार यांच्यात वीतभर अंतर असतं.

म्हणजे दाटीत माणसं किती, यापेक्षा त्यांच्या पायाखालून काय काय शेजारी-शेजारी वाहतंय, ते बघायला हवं.

कणकुंबी_एक्स्प्रेस
शहरवाल्यांची गंमत वाटते. आमच्या खानापूर तालुक्यात या. जांबोटीच्या पुढं, भीमगडच्या जंगलात. हवा शुद्ध, आवाज नाही, शेजारी हाकेच्या पलीकडं. तुमच्या हिशेबात आम्ही शंभर वर्षं जगायला हवं.

भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. आत आमगाव, गवळी, कृष्णापूर, पास्तोली, तळेवाडी अशी गावं. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. माझ्या मामेबहिणीला दिवस भरले तेव्हा चौघांनी बांबूला चादर बांधून झोळी केली, भर पावसात चालत रस्त्यापर्यंत आणली. पुढं पायांनी वाट चाचपत चालणारा मी होतो, हातात बॅटरी, आणि जळवा इतक्या की मोजायचं सोडून दिलं. रस्त्यावर आल्यावर मोबाइलला एक दांडी मिळाली, मग रुग्णवाहिका. पोरगी वाचली, बाळही. प्रत्येकीचं असं होत नाही.

तीस घरांच्या गावाला डॉक्टर मिळत नाही, पाचवीच्या पुढं शाळा नाही, पूल कुणी बांधत नाही, कारण माणसं कमी. "एवढ्याशा लोकांसाठी?" हे वाक्य आम्ही तालुक्याच्या प्रत्येक ऑफिसात ऐकलंय. गल्लीकर, तुमच्या 230 माणसांना दहा मिनिटांवर जिल्हा रुग्णालय आहे. हे पण लिहा तुमच्या हिशेबात.

नर्सताई
@कणकुंबी_एक्स्प्रेस, लिहिलंत ते बरं केलंत. तिकडच्या आशाताईंना किती चालायला लागतं ते मी पाहिलंय.

वाचक_क्र_7
उंदरांचा प्रयोग वाचला का कुणी? व्हॉट्सॲपवर आलाय. अमेरिकेत एकानं उंदरांना भरपूर खायला दिलं, जागा मात्र तेवढीच ठेवली. संख्या वाढत गेली आणि शेवटी उंदीर एकमेकांना चावायला लागले, माद्या पिल्लं टाकून द्यायला लागल्या. माणसाचंही तेच होणार. गल्लीकर, सावध व्हा.

डोंबिवलीकर (मूळ टिळकवाडी)
मग आमच्या लोकलमध्ये रोज सकाळी काय होतं म्हणता? 🙂

मास्तर_निवृत्त
तो कॅलहून. 1962 मध्ये त्यानं उंदरांवरचा लेख लिहिला आणि तेव्हापासून तो माणसांवर चिकटवतात. उंदराला खोली वाटून घेता येत नाही, पाळ्या लावता येत नाहीत, "आज तू वर झोप" असं म्हणता येत नाही.

उलट उदाहरण बघा, हाँगकाँग. तिथल्या काही भागांत चौरस किलोमीटरला 50 हजारांवर माणसं, आणि आयुर्मान जगातल्या सगळ्यात वरच्या काही ठिकाणांत, बायकांचं तर 87 च्या पुढं. नळाला पाणी, पायी जाण्याच्या अंतरावर दवाखाना, पाठीमागं डोंगरवाटा. पण त्याच हाँगकाँगात एका फ्लॅटचे पाच-सहा तुकडे करून भाड्यानं देतात, संडासाच्या शेजारीच शेगडी. तिथं राहणाऱ्यांना विचारलं तर वेगळं ऐकू येईल. शहर तेच, चौरस किलोमीटर तोच.

आपल्याकडचीही एक जुनी गोष्ट. 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि लवकरच आपल्या भागातही पोचला. आजोबा सांगायचे, उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. मुंबईत तर काळोख्या घरांची कौलं उतरवून आत ऊन शिरू देत. आज बेळगावचाच भाग असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, बेळगाव इंग्रजांकडं, मधली हद्द म्हणजे एक रस्ता. पिसवा काही हद्द विचारून उडत नव्हत्या.

सीमावासी_865
हद्दीचा विषय निघालाच आहे तर मूळ दुखणं तेच आहे. 865 गावं महाराष्ट्रात आली असती तर ना पाण्याचा प्रश्न राहिला असता ना…

गल्लीकर
@सीमावासी_865, दादा, मी पण तुमच्याच बाजूचा. पण त्यासाठी इथं वेगळे धागे आहेत, आणि कोल्हापूर जिल्ह्याची घनता 504 आहे, तिथल्याही गल्ल्या बघून आलोय. इथं माझा चौक वाचवा आधी.

निपाणीचा_पोरगा
आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारी भर वस्तीत. हंगामात चाळण चालली की जर्दा उडतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला शिंका. वखारीला लागून राहणाऱ्या बाईचं नऊ महिन्यांचं पोर सतत शिंकत असायचं. तुमच्या गल्लीत निदान कुंद्याचा, त्या बेळगावी मिठाईचा, वास येत असेल.

मधली_सून
सगळे हवा, पाणी, जंतू लिहिताहेत. कुणीतरी हे पण लिहायला हवं.

मी अशाच एका घरात, दुसऱ्या गल्लीत, चौदा वर्षं आहे. दहा माणसं. घरात असं एक ठिकाण नाही जिथं बसून मी पाच मिनिटं रडू शकते. संडासात जाऊन रडले तर बाहेरून कुणीतरी कडी वाजवतं. नवऱ्याशी काही बोलायचं तर गच्चीवर, तिथं शेजारची गच्ची लागून. मुलगी दहावीला होती तेव्हा पहाटे चारला उठून माजघरात बसायची, कारण तीच एक शांत वेळ. आणि आमच्या गल्लीत गणपतीत रात्री उशिरापर्यंत साउंड. रहिवासी भागात रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज नको असा नियम आहे म्हणे, दिवसा 55. आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात.

पण खरं सांगायचं तर, सासूबाई मोरीत घसरून पडल्या तेव्हा घरी मी नव्हते. समोरच्या काकूंना घागरीचा आवाज ऐकू आला, पलीकडच्या पोरानं दार ढकललं, मी पोचेपर्यंत रिक्षा निघाली होती. कोरोनात आमच्या दारात अकरा दिवस डबा येत होता, कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, डबे निरनिराळे होते. माझी बहीण बंगळूरला एकविसाव्या मजल्यावर राहते. शेजारी कोण ते तिला लिफ्टमधल्या नोटिशीवरून कळतं.

मला दोन्ही पाहिजे. दार लावता येणारी एक खोली आणि दार ढकलणारा शेजारी. जास्त मागतेय का?

शहापूरवाली
न्हाई मागूलालीस जास्त. फोन कर ये मला, नंबर हाय तुझ्याकडं.

नर्सताई
@मधली_सून, हे आमच्या फॉर्मात कुठंच भरायला जागा नसायची. बीपी, साखर, वजन, एवढंच. बीपीची गोळी चालू असलेल्या कितीतरी बायकांना खरं तर एक खोली लिहून द्यायला हवी होती.

मिस्त्री_ते_इंजिनिअर
आता कामाचं. गल्लीकर, माप दिलंत म्हणून बोलता येतंय.

चौकावर स्लॅब टाकला तर मधलं माजघर आणि मागचं स्वयंपाकघर दोन्ही आंधळी. दोन्ही बाजू सामाईक भिंती, तिथं खिडकी काढता येणार नाही, काढलीत तर उद्या शेजारी मजला चढवून बुजवेल, आणि त्याचा तो हक्कच आहे. मग दिवसा ट्यूबलाइट, एक्झॉस्ट फॅन, बिल. भाडेकरू पण वर्षात सोडून जाईल, असे दोन बघितलेत मी.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश एवढी खिडकी-झरोक्यांची उघडी जागा हवी, दमट हवेत एक षष्ठांश. आतल्या मोकळ्या जागेची रुंदी 3 मीटर धरतात. तुमच्याकडं 14 फुटांत भिंती वजा जाता साडेबारा फूट उरतात. म्हणजे दहा फुटी चौक बसतो, शिवाय कडेनं अडीच फुटांची ये-जा. नशीब बघा! चौक वरपर्यंत उघडा ठेवायचा. वर पारदर्शक पत्रा घालायचाच असेल तर भिंतीपासून दोन फूट उचलून घाला, चारी बाजू उघड्या. गरम हवा वर निघून जाते आणि पुढच्या दारातून थंड हवा ओढली जाते. जुन्या वाड्यांत हेच होतं. आजोबा-पणजोबांना विज्ञान कळत होतं असं मला म्हणायचं नाही, त्यांच्याकडं पंखे नव्हते, एवढंच.

तीन बिऱ्हाडं हवीत तर तीन मजले करा, पण प्रत्येक मजल्यावर चौकाकडं तोंड करून एक खोली. खोल्या दोन कमी होतील. भावाला सांगा, ज्या दोन कमी झाल्या त्या तशाही कुणी भाड्यानं घेतल्या नसत्या.

आड बुजवू नका. पाणी पिण्याचं नसेल तर नसू दे, धुण्याभांड्याला येईल, बॅरल कमी होतील. फक्त शोषखड्डा जवळ असेल तर ते पाणी तोंडात घेऊ नका, पन्नास फुटांचं अंतर लागतं आणि तुमच्या गल्लीत ते कुणाकडंच नसणार. वरून बारीक जाळी बसवा, नाहीतर शहापूरवाल्या बाईंच्या बॅरलासारखं व्हायचं.

गल्लीकर
मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतोय, माफी असावी. घरात बैठक झाली. मिस्त्रीसाहेबांचा प्रतिसाद मी मोठ्यानं वाचून दाखवला. धाकटा आधी चिडला, "दोन खोल्या म्हणजे महिन्याचं भाडं किती जातं ते इंटरनेटवरचे लोक भरणार काय?" मग नर्सताईंचं तीन उशांचं वाचलं. त्याची पोरगी दम्याची आहे, तो गप्प बसला. मधली_सून यांचा प्रतिसाद मी वाचला नाही. तो माझ्या बायकोनं आधीच वाचला होता, आणि वहिनीला दाखवला होता, हे मला रात्री कळलं. नकाशात आता पहिल्या मजल्यावर जिन्याखाली सहा बाय सातची एक खोली आलीय, आतून कडी असलेली. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

चौक दहा बाय आठचा ठरलाय, वर उघडा. कणकुंबीवाल्या भावांना सांगायचं म्हणजे, तळमजल्याचं पुढचं दार चार फुटी करतोय, स्ट्रेचर सरळ आत यावं म्हणून. आधी तीनचं होतं आणि आजोबांना नेताना खुर्चीवर बसवून न्यावं लागलं होतं.

आडाचा गाळ काढायला सोमवारी माणसं येतात. कालच दोर सोडून बघितलं, सव्वीस फुटांवर पाणी लागलं. आईनं पहिला प्रश्न विचारला तो तुळशीचा. बांधकाम चालेपर्यंत वृंदावन कुठं ठेवायचं? समोरच्या काकू म्हणाल्या, आमच्या कट्ट्यावर ठेवा, पाणी मी घालते.

शहापूरवाली
सव्वीस फुटांवर? पावसाळ्याआधी? आमचा तर चाळीसला बी कोरडा हाय. गाळ काढणाऱ्यांचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा की.